मी वाढवलेला महिना

आमच्या पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात गरोदर बाईचे महिने खरे सांगायची पद्धत नव्हती. सहावा लागला असेल तर पाचवा सांगायचा. नजर लागू नये, आणि कोणाच्या मनात वाईट असलंच तर त्याचा अंदाज महिन्याने चुकावा, एवढाच हेतू. शेजारणीला खोटं सांगितलं तर एक वेळ समजू शकतं, पण सासवा आम्हा नर्सबायांनाही तसंच सांगत आणि सुना शेजारी मान खाली घालून बसत. मी सौसरला नर्सबाई होते आणि माहेर पांढुर्ण्याचं, त्यामुळे ही लबाडी मला नवी नव्हती. माझी स्वतःची आई माझ्या वेळी सगळ्या गल्लीला एक महिना कमी सांगत हिंडली होती. कोणी महिना सांगितला की मी मनातल्या मनात एक मिळवून मोकळी व्हायची.

मनात मिळवलं तोवर ठीक होतं. पुढे मी ते कागदावर मिळवायला लागले, आणि ते भोगलं मात्र दुसरीनेच.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नागपूरला एक डॉक्टरीणबाई होत्या. सोनोग्राफीचं शिक्षण घेऊन नुकत्याच परतलेल्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला एकदम सरळ. पोटातल्या बाळाचं हृदय मशीनवर कसं दिसतं याची त्या वही करत होत्या. आजारी बाळांची नाही, निरोगी बाळांची. मला त्याचं नवल वाटलं. जे चांगलंच आहे ते कशाला मोजायचं? मी तसं विचारलंही.

त्या म्हणाल्या, "बाई, चांगलं केवढं असतं हेच माहीत नसेल तर वाईट ओळखणार कशावरून? पुस्तकात आहेत ती मापं परदेशातल्या बाळांची. आपल्या बायकांच्या बाळांचं पाचव्या महिन्यात केवढं, सातव्यात केवढं, हे आपणच मोजायला हवं."

हे मला पटलं. मग सौसर आणि आसपासच्या गावांतल्या धडधाकट बायका मी त्यांच्याकडे न्यायला लागले. महिन्यातून दोनदा छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने नाहीतर बसने आमची वरात निघायची. सोनोग्राफीला पोटात भरपूर पाणी लागे, म्हणून मी बायकांना सावनेर आलं की पाणी प्यायला लावायची आणि नागपूर येईपर्यंत त्या मला मनसोक्त शिव्या द्यायच्या. सासवा यायच्या त्या मुलगा की मुलगी हे कळेल या आशेने. डॉक्टरीणबाई ते मुळीच सांगत नसत. मला हे पक्कं ठाऊक होतं, तरी निघण्याआधी मी सासवांना त्याबद्दल काही बोलत नसे. बोलले असते तर निम्म्या आल्याच नसत्या.

मशीनची काच छोटी होती, करड्या रंगाची, आणि पहिल्या दोन-तीन खेपांना मला तिच्यात धुक्याशिवाय काही दिसलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. सुपारीएवढं ते हृदय, त्यात चार कप्पे. मधे पडदा आणि पडद्यात एक छोटं दार, जे जन्मल्यावर आपोआप बंद होतं. झडपा अशा उघडत-मिटत असत की बघणाऱ्याने आपला श्वास रोखून धरावा. निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून गेल्या की डॉक्टरीणबाई "छान" म्हणत, काचेवर दोन फुल्या सरकवून माप घेत आणि मला सांगत. मी ते वहीत लिहायची. माझ्या हस्ताक्षराचं तिथे कौतुक होतं.

चार-सहा खेपा झाल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं. "बाई, तुमच्या बायकांच्या शेवटच्या पाळीच्या तारखा आणि बाळांच्या डोक्यांची मापं जुळत नाहीत. महिनाभराचा फरक येतो. मशीनवरूनच महिना काढला आणि मग त्या महिन्याचं हृदय एवढं असं लिहिलं, तर ती स्वतःचीच फसवणूक होईल. तारीख मला बाहेरूनच हवी, आणि खरी हवी. जिची नक्की नाही तिला आणू नका."

यावर खरं तर मी आमच्याकडची पद्धत त्यांना सांगायला हवी होती. एका वाक्याचं काम होतं. पण मला लाज वाटली. नागपूरच्या बाईसमोर आपल्या माणसांचा अडाणीपणा कशाला उघडा करायचा, असं वाटलं. दुसरंही एक होतं, आणि तेच जास्त खरं आहे. तारीख नक्की नसलेल्या बायका गाळल्या असत्या तर माझी वरात दोन-तीन जणींवर आली असती, आणि मग तिथे माझी काय गरज? मी परत येऊन मुकाट्याने आपला नियम सुरू केला. बाई जी तारीख सांगेल, तिच्यातून एक महिना मागे जायचं आणि ती कार्डावर लिहायची.

आणि काय आश्चर्य, डोकी जुळायला लागली. डॉक्टरीणबाई खूश. "आता तुमच्या तारखांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा मी दिवसभर तरंगत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी ऐकवलं असेल.

त्या हिवाळ्यात मोहगावची एक सून माझ्याकडे आली. घर संत्र्याच्या बागांचं, खाऊन-पिऊन सुखी. पोरगी मॅट्रिक झालेली, तिगावची, विधवा आईची एकुलती एक. आई शिवणकाम करून पोट भरायची आणि तिने लेकीला शिकवलंही होतं. सासू सोबत होती. मी तारीख विचारली, तर सासूने तोंड उघडण्याआधी पोरगीच बोलली.

"बाई, गोटमार झाली न, त्याच्या आठव्या दिवशी. पोळ्यासाठी मायकडे तिगावले गेली होती मी, तिथंच पाळी आली. कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करून ठेवते मी दर महिन्याले. मायनं लावली सवय."

इतकी नेमकी तारीख मला वर्षभरात कोणी दिली नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, तो गोटमारीचा दिवस पांढुर्ण्याकडचं माणूस विसरत नाही. सावरगावच्या गोट्यांनी फुटलेली डोकी बांधतच तर मी पट्टी करायला शिकले. हे सगळं मला कळत होतं. तरी मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, पढवून आणलेली दिसते. मी एक महिना मागे गेले आणि लिहून टाकलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं केलं मी, आणि पेन उचलताना हातसुद्धा थबकला नाही.

फेब्रुवारीत तिला नागपूरला नेलं. खरा पाचवा सरत आला होता, माझ्या कार्डावर सहावा संपत होता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. चारही कप्पे, पडदा, झडपा, रक्तवाहिन्या, सगळं जिथल्या तिथे. "रचना फार सुरेख आहे," म्हणाल्या. मग फुल्या सरकवल्या, परत सरकवल्या. "पण लहान आहे. डोकंही लहान. तारीख नक्की ना?"

प्रश्न मला होता. पोरगी टेबलावर पडलेली, पोटाला तो गार चिकट पदार्थ लावलेला, आणि ती काचेकडे बघत होती. "नक्की," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते एवढंच, की बाळाची वाढ महिनाभर मागे वाटते, हृदयात दोष दिसत नाही, विश्रांती घ्या, चांगलं खा, तीन आठवड्यांनी परत या. सौसरला गाडी पोचेपर्यंत सासूच्या तोंडी त्याचं "लेकराचं दिल लहान आहे" असं झालं. मी दुरुस्त केलं नाही. बाळंतपणाचा दिवस मी माझ्या तारखेवरून मोजून मे महिन्याची अखेर असा सांगितला, आणि तो मशीनमध्येच निघाला असं त्या घराने धरलं. तेही मी दुरुस्त केलं नाही.

तीन आठवड्यांनी परत नेलं. बाळ अगदी हवं तेवढं वाढलं होतं, आणि तरी महिनाभर मागेच होतं. डॉक्टरीणबाई पेन हनुवटीला लावून बसल्या. "जे वाढत नाही ते दर खेपेला आणखी मागे पडतं. हे तर बरोबर चालीने चाललंय. बाई, त्या पोरीला तारीख पुन्हा एकदा विचारा बरं."

त्या क्षणी मला कळलं. अगदी लख्ख कळलं. पोरीने खरं सांगितलं होतं आणि मशीनही तिच्याच बाजूने बोलत होतं. खोटी होती ती एकटी माझी लेखणी. बाहेर बाकावर ती बसली होती, मी जाऊन तिच्यापाशी उभी राहिले, आणि विचारलं काय, तर "चहा घेतला का?" परत आत येऊन मी म्हटलं, "तीच सांगते." हे वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज निघालं. एका पोरीची तारीख चुकली म्हटलं असतं तर बाकीच्यांच्या निघाल्या असत्या, अख्खी वही निघाली असती. मी स्वतःला समजावलं, बाळ तर ठणठणीत आहे, पोरीला जास्तीचं दूध-तूप मिळतंय, यात कोणाचं काय बिघडतंय?

गुढीपाडव्यानंतर पोरीची आई तिगावहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. ती लेकीला न्यायला आली होती. सासूने नाही म्हटलं. तेव्हा ती माऊली मोहगावहून सौसरला माझ्या दारात आली. काटकुळी बाई, श्वास लागलेला, हातात एक पिशवी. पायरीवरच बसली.

"बाई, मी त्याहिले काही म्हणत नाही. त्याहिचंही लेकरूच आहे ते. पण पहिलं बाळंतपण आहे, आन् मले दुसरं आहे कोण? माह्या घराजवळ सुईण आहे, पांढुर्ण्याले डॉक्टर आहे. तुम्ही म्हणसान तर ते धाडतीन."

मी काय करावं? तिला मी विश्रांतीचं महत्त्व समजावून सांगितलं. बसचे धक्के, वाढीचा प्रश्न, नागपूरच्या डॉक्टरांचा सल्ला. चांगली ऐटीत बोलले. ती ऐकत राहिली आणि मधेच तिने एकदाच विचारलं, "पण बाई, दिवस बराबर धरले न तुम्ही?"

"कागदावर आहेत," मी म्हटलं.

त्यावर तिने पिशवी उचलली. पिशवीत बाळासाठी शिवलेली झबली होती. ती मोहगावला द्यायची राहिली म्हणाली, आणि पुन्हा मोहगावच्याच बसमध्ये बसून ती द्यायला गेली.

मे सरला. माझ्या हिशोबाने पोरीचे दिवस भरले, आणि कळांचा पत्ता नव्हता. मोहगावच्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. मला एकटीला माहीत होतं की अजून जवळजवळ महिना आहे, आणि मी रोज एखाद्या घरी इंजेक्शन देऊन येत होते, भाजी निवडत होते, झोपत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिगावहून एक नातलग निरोप घेऊन मोहगावला आला. आईला ऊन लागलं होतं आणि आधीचा दम्याचा आजार, दोन्ही एकत्र झालं होतं. लेकीला एकदा दाखवा, असं ती म्हणत होती.

मी त्या दिवशी नेमकी त्याच घरात होते. सासू वाईट बाई नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मलाच विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. दिवस भरून वर सात-आठ दिवस झाले. रस्त्यात काही झालं तर मी काय करू? नेता येते का हिले?"

पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्याकडे बघत होती. नेता येत होतं. खऱ्या हिशोबाने नववा अजून सरायचा होता, तब्येत उत्तम, जीप करून सकाळी नेलं असतं तर दुपारी परत आणलं असतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. "आत्ता हलवणं धोक्याचं आहे," मी म्हटलं. ती चौकट सोडून आत गेली.

आई चौथ्या दिवशी गेली.

ते कळल्यावर मी पहिल्या बसने नागपूरला गेले. तोवर डॉक्टरीणबाईंचा निरोप येऊन पडला होता की दिवस उलटलेत, पोरीला भरती करा, कळा आणाव्या लागतील. म्हणजे आता बाळाला दोन-तीन आठवडे आधी ओढून काढलं असतं. मी त्यांना सगळं सांगितलं. सासवांची पद्धत सांगितली आणि माझा नियमही. तिगावची आई मात्र सांगितली नाही. त्या मला एक वाईट शब्दही बोलल्या नाहीत. वही काढली, आणि माझ्या सगळ्या बायकांच्या पानांवर एकेक करत आडवी रेघ मारली. मोहगावच्या पानाशी थांबल्या. "ही एकच तारीख खरी होती म्हणता? मग हे पान सर्वांत चांगलं होतं," असं म्हणाल्या आणि त्यावरही रेघ मारली. आता त्यांनी माझ्या कोणत्याच आकड्यावर का विश्वास ठेवावा? त्यानंतर मी त्यांच्याकडे बायका नेल्या नाहीत, आणि त्यांनी बोलावलंही नाही.

मोहगावला मी एवढंच कळवलं की अजून वेळ आहे, घाई नको. कारण सांगितलं नाही. जूनच्या अखेरीला, पोरीने पेन्सिलीने खूण केलेल्या तारखेला बरोबर नऊ महिने आणि सात दिवस होत होते त्याच्या आदल्या दिवशी, ती बाळंत झाली. मीच होते. मुलगी झाली, भरपूर वजनाची, आणि असा सूर लावला की सासू हसायला लागली. "कोण म्हणे दिल लहान आहे," ती म्हणाली. मी त्या मुलीच्या छातीवर नळी ठेवली आणि ऐकत राहिले. एवढं स्वच्छ हृदय मी क्वचितच ऐकलं असेल.

सव्वा महिना झाल्यावर मी तिला भेटायला गेले. आपण होऊन गेले, हे मी तेव्हा मोठेपणाचं समजत होते. सासू बागेत होती. पोरगी खाटेवर बसून लेकीला पाजत होती. बाळाच्या अंगात आजीने शिवलेलं झबलं होतं. मी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. तू तारीख खरी सांगितली होतीस, मी ती बदलली, बाळ कधीच लहान नव्हतं, मशीनने काही चुकीचं दाखवलं नव्हतं, तुला माहेरी जाता आलं असतं. शेवटच्या वेळीही जाता आलं असतं. बोलता बोलता मी रडले. ती रडली नाही.

तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"पाडव्यानंतर माय झबले द्याले परत आली होती न बाई, तवा तिनं इथंच बसून बोटावर मोजलं होतं. म्हणे, पोरी, तुही तारीख मले माहीत आहे, अजून लय दिवस आहेत, नर्सबाई एक महिना जास्त धरून राहिली. चल तू माह्यासंग, मी सांगतो तुह्या सासूले."

तिने बाळाच्या झबल्याची गाठ सारखी केली.

"मले रागच आला तिचा. मी म्हटलं, माय, तू अडाणी आहे. मशीनमध्ये दिसते सगळं, बाईनं कागदावर लिवलं आहे, तुले त्याहिच्यापेक्षा जास्त समजते का? मंग ते उठली आन् बस धराले गेली." तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "तेच शेवटचं बोलणं झालं आमचं."

मी तिथून कशी उठले ते आठवत नाही. मी जाईपर्यंत आई गेल्याचं दुःख तिला होतं, पण आईला आपण उगाच तोडून बोललो, आई बरोबर होती, हे तिला माहीत नव्हतं. ते मी जाऊन सांगून आले. मला मोकळं व्हायचं होतं म्हणून.